डायनिंग टेबलावर लॅपटॉप घेऊन बसणाऱ्यांसाठी

मी ऐरोलीत राहते, वन बीएचके, आठवड्यातले तीन दिवस घरून काम आणि दोन दिवस महापेला ऑफिस. २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा सगळ्यांसारखाच मीपण लॅपटॉप घेऊन घरी बसले, आधी बेडवर, मग सोफ्यावर, मग डायनिंग टेबलावर, असं करत करत सहा-सात महिन्यांत मान अशी काही धरली की मागून कोणी हाक मारली तर अख्खं अंग वळवून बघायला लागायचं. बाम झाला, गरम पाण्याची पिशवी झाली, गोळ्या झाल्या. शेवटी ठाण्याला एका फिजिओकडे गेले आणि तिने मानेला हात लावायच्या आधीच विचारलं, "लॅपटॉप कशावर ठेवता आणि तुम्ही कशावर बसता?" तेव्हापासून मी या गोष्टीच्या मागेच लागले म्हणा ना. आमच्या बिल्डिंगमध्ये, नात्यात, मैत्रिणींकडे आत्तापर्यंत बऱ्याच जणांची बसायची सोय मी टेप घेऊन नीट करून दिलीये, आणि जवळपास सगळीकडे चूक एकच असते, म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकते.

तर मूळ भानगड अशी आहे की लॅपटॉपचा स्क्रीन आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले असतात. स्क्रीन हवा डोळ्यांसमोर आणि कीबोर्ड हवा कोपराच्या उंचीला, आणि आपल्या डोळ्यांत आणि कोपरात दीड फुटाचं तरी अंतर असतं. म्हणजे हात बरोबर ठेवले की मान खाली जाते आणि स्क्रीन वर उचलला की हात खांद्यापर्यंत येतात. दोन्ही एकदम बरोबर होणं शक्यच नाही, कितीही महाग खुर्ची आणा. अर्धा तास मेल बघायला ठीक आहे, पण आठ-नऊ तास काम करायचं असेल तर आधी या दोघांना वेगळं करायला लागतं. म्हणजे लॅपटॉप उंचावर ठेवायचा आणि कीबोर्ड-माऊस वेगळा जोडायचा. एवढं एकच केलंत आणि पुढचं काही वाचलं नाहीत तरी निम्मं काम झालं.

मान खाली गेली तर एवढं काय बिघडतं, असं मला पण वाटायचं. आपलं डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं असतं, म्हणजे घरात पाच लिटर तेलाचा कॅन येतो ना, जवळजवळ तेवढं. तो कॅन छातीशी धरून उभं राहा, पाच मिनिटं आरामात धराल. आता तोच कॅन हात लांब करून धरा, अर्ध्या मिनिटात हात थरथरायला लागेल. वजन तेवढंच आहे, लांब गेलं म्हणून जड झालं. डोकं पुढे वाकवून बसलं की मानेच्या मागच्या स्नायूंना दिवसभर हेच करायला लागतं, म्हणून संध्याकाळी मानेच्या मुळाशी आणि खांद्याच्या पात्याजवळ गाठी आल्यासारखं दुखतं.

आता कसं करायचं ते सांगते, आणि क्रम महत्त्वाचा आहे हां. लोक आधी स्टँड ऑर्डर करतात. पण सुरुवात पायापासून करायची, मग बूड, मग पाठ, मग कोपर, आणि स्क्रीन सगळ्यात शेवटी. कारण की खुर्ची दोन इंच वर-खाली झाली की पुढचं सगळं गणित बदलतं.

माझ्या मावसबहिणीचं उदाहरणच देते. ताई कळव्याला राहते, उंची पाच फूट, इन्शुरन्सच्या क्लेमचं काम घरून करते, दिवसभर टायपिंग. तिचे खांदे दुखायचे, मान नाही, खांदे. मी गेले तेव्हा ती म्हणाली, "अगं टेबल तर चांगलं आहे, गेल्या वर्षीच घेतलंय." म्हटलं, "ताई, टेबल चांगलंच आहे, पण हे जेवायच्या उंचीचं आहे, टायपिंगच्या नाही." तिचा शिवणाचा टेप काढला. टेबल जमिनीपासून ३० इंच, खुर्चीची बैठक १८ इंच. ताईला खुर्चीत बसवलं, खांदे सैल सोडायला लावले, हात अंगाला लागून कोपरात काटकोनात वाकवले आणि कोपराची उंची मोजली, २७ इंच. म्हणजे टेबल तिच्या कोपराच्या तीन इंच वर, त्यावर कीबोर्डची जाडी वेगळी. म्हणून ती दिवसभर नकळत खांदे उचलून टाईप करत होती. आणि पाय? पाय टाचेवर टेकतच नव्हते, चवड्यावर, कारण तिच्या गुडघ्यामागच्या खोबणीपासून जमिनीपर्यंत साडेपंधरा इंचच भरतात आणि खुर्ची १८ इंचांची.

टेबलाचे पाय तर कापता येत नाहीत, मग ताईलाच वर घ्यायचं. घट्ट भरलेली उशी घेतली, म्हणजे बसल्यावर दबून सुद्धा तीन इंच राहील अशी, मऊ फोमची नाही, ती तासाभरात चपटी होते. ताईचं कोपर आलं ३० इंचांवर, टेबलाच्या बरोबरीने. पण आता पाय अजूनच लोंबकळायला लागले, त्यासाठी पूजेचा जुना चौरंग होता माळ्यावर, साडेपाच इंच उंच, तो धुऊन पुसून पायाखाली दिला. तळवे पूर्ण टेकले, मांड्या जमिनीला समांतर. ती दोन मिनिटं काहीच बोलली नाही, मग म्हणाली, "खांदे खाली आले गं." नवीन काही विकत न आणता एवढं झालं होतं.

तुमच्या घरी पण हेच मोजा. कोपराची उंची आणि टेबलाची उंची, बास, हे दोनच आकडे. उंच माणसाला हा प्रॉब्लेम येईलच असं नाही, माझ्या दिराची उंची सहा फूट, त्याला डायनिंग टेबल बरोबर बसतं. एकाच टेबलावर नवरा-बायको आळीपाळीने काम करत असतील तर दोघांची सोय वेगळी वेगळी लागणार हे लक्षात ठेवा, एकाला बरोबर वाटतंय म्हणून दुसऱ्याला बरोबर असेलच असं नाही. आणि ज्यांच्या घरी अजून ते जुनं डेस्कटॉपचं कॉम्प्युटर टेबल आहे, खालून सरकवून बाहेर येणारी कीबोर्डची फळीवालं, त्यांनी ते भंगारवाल्याला देऊ नका. ती फळी साधारण २५-२६ इंचांवर असते, आपल्याकडच्या बऱ्याच बायकांच्या कोपराला ती डायनिंग टेबलापेक्षा कितीतरी जास्त जुळते. वर लॅपटॉप, फळीवर कीबोर्ड, इतकी सोपी सोय नव्या फर्निचरमध्ये पण मिळत नाही.

खुर्चीचं थोडं. बूड अगदी मागे, पाठीला टेकेपर्यंत न्यायचं, पुढच्या काठावर टेकून बसायचं नाही. कमरेला आत जो खळगा असतो तिथे आंघोळीचा टॉवेल गुंडाळून ठेवा, दोन बाजूंना रबर लावा म्हणजे सुटत नाही. जागा म्हणाल तर आपण साडीच्या निऱ्या जिथे खोचतो त्या उंचीला, पण मागच्या बाजूने. पाठीच्या मधोमध ठेवलात तर उलट पोक येतं. बैठकीचा पुढचा काठ आणि गुडघ्याची मागची बाजू यात दोन-तीन बोटं मोकळी राहायला हवीत, नाहीतर पायाला मुंग्या येतात. प्लास्टिकच्या हाताच्या खुर्चीवर बसत असाल तर तिची बैठक मागे उतरती असते, मध्ये खोलगट असते, त्यावर आधी घडी केलेली सतरंजी घालून ती सपाट करून घ्या. आणि खुर्चीचे हात टेबलाला अडत असतील तर तुम्ही टेबलापासून लांब बसता आणि परत पुढे वाकता, अशा वेळी बिनहाताची खुर्चीच बरी.

आता स्क्रीन. ताई उशीवर बसल्यावर तिचे डोळे जमिनीपासून ४८ इंचांवर आले, म्हणजे टेबलापासून १८ इंच. तिच्या चौदा इंची लॅपटॉपचा स्क्रीन उभा केला की वरची कडा टेबलापासून नऊ इंचांवर येते. स्क्रीनची वरची कडा डोळ्यांच्या रेषेत किंवा थोडी खाली असावी, जास्त वर नको, कारण वर बघितलं की डोळे मोठे उघडे राहतात, कोरडे पडतात. म्हणजे सात-आठ इंच उंची हवी होती. तिच्या कपाटात दिवाळी अंकांचा गठ्ठा होता, चौदा-पंधरा अंक लागले, सात इंच झाले. फक्त गुळगुळीत कव्हरांमुळे ते एकमेकांवरून सरकतात, म्हणून सुतळीने उभं-आडवं घट्ट बांधायचं आणि सगळ्यात वर ड्रॉवरमध्ये वगैरे घालतो ती जाळीची रबरी मॅट ठेवायची. लॅपटॉपच्या खालची हवा यायची-जायची भोकं बंद होणार नाहीत एवढं बघा. नंतर स्टँड घेतलात तर घेण्याआधी त्याची जास्तीत जास्त उंची वाचा, बरेचसे स्वस्तातले स्टँड चार-पाच इंचच उचलतात आणि मग त्याच्याखाली परत पुस्तकं येतात. मी तर आमच्या सुताराकडून प्लायचा एक साधा खोका करून घेतला, सगळ्यात दणकट तोच निघाला.

अंतर म्हणाल तर हात सरळ पुढे केला की बोटं स्क्रीनला टेकावीत इतकं, पन्नास ते सत्तर सेंटीमीटर. लांब गेल्यावर अक्षर बारीक दिसतं आणि माणूस मान पुढे काढून वाचायला लागतो, मग केलेलं सगळं पाण्यात. त्यावर उपाय मान नाही, अक्षर मोठं करणं. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये स्केल १२५ टक्के करा, ब्राऊझरमध्ये कंट्रोल आणि प्लस दाबा. लोक मला सांगतात की मग स्क्रीनवर कमी मावतं, मावू दे हो, मानेपेक्षा ते महत्त्वाचं आहे का? एक्सेलच्या मोठ्या शीटवर काम करणाऱ्यांनी बाहेरचा मॉनिटर जोडावा, घरात जुना पडून असेल आणि त्याला एचडीएमआयची जागा असेल तर केबलने जोडला जातो. टीव्हीला जोडून मीटिंग बघायला छान वाटतं पण टाईप करायला टीव्ही फार लांब आणि फार मोठा पडतो, मान डावी-उजवी फिरत राहते.

चष्मा बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह असेल तर मात्र हा डोळ्यांच्या रेषेचा नियम जसाच्या तसा लावू नका, हे फार कमी जण सांगतात. तुम्ही जवळचं वाचता ते काचेच्या खालच्या भागातून, स्क्रीन वर गेला की हनुवटी वर करून बघायला लागतं आणि मान मागून दुखते. अशांनी स्क्रीन दोन-चार इंच खालीच ठेवायचा आणि थोडा मागे कलता करायचा. माझ्या सासऱ्यांनी याच्यासाठी फक्त कॉम्प्युटरच्या अंतराचा वेगळा साधा चष्मा करून घेतला, ते तर सगळ्यात उत्तम.

कीबोर्ड-माऊसचा जोड हजाराच्या आसपास मिळतो, वायरवाला पण चालतो. कीबोर्डच्या मागे दोन छोटे पाय असतात ते सगळे जण उघडतात, ते मिटूनच ठेवा, उघडले की मनगट वर वाकतं. मनगट सरळ पाहिजे, पोळी लाटताना हात जसा सरळ जातो तसा. माऊस कीबोर्डला चिकटून. उजवीकडे आकड्यांची पट्टी असलेला लांब कीबोर्ड असेल तर माऊस बाजूला फेकला जातो आणि दिवसभर खांदा बाहेर ताणलेला राहतो, म्हणून ज्यांना आकडे भरायचे नाहीत त्यांनी आकड्यांशिवायचा छोटा कीबोर्ड घ्यावा. मला अकाउंट्समुळे आकडे लागतातच, म्हणून मी माऊस डाव्या हाताने वापरायला शिकले, पहिले दोन आठवडे चिडचिड झाली, आता कळत पण नाही. टेबलाचा काठ धारदार असतो, त्यावर कोपर किंवा मनगट रोवून बसू नका, तिथे नस असते. आणि मराठीत लांबलचक लिहायचं असेल तर गुगल डॉक्समध्ये बोलून टाईप करता येतं, मराठी भाषा निवडायची आणि बोलायचं, चुका नंतर सुधारायच्या. फोन कान आणि खांद्यात दाबून टाईप करणं पूर्ण बंद, इअरफोन लावा.

ज्यांच्याकडे टेबलच नाही त्यांचं काय? आमच्याकडे सिडकोच्या छोट्या घरांमध्ये असे कितीतरी जण आहेत, मुलं तर सगळी बेडवरच अभ्यास करतात. बेडवर पाय लांब करून, मागे उशी घेऊन, मांडीवर लॅपटॉप, यात कंबर गोल होते आणि मान पूर्ण खाली जाते, हा प्रकार सगळ्यात वाईट. शिवाय गादीवर लॅपटॉप ठेवला की हवेची भोकं बंद होऊन तो तापतो, आणि रोज तासनतास उघड्या मांडीवर तापलेला लॅपटॉप ठेवला तर कातडीवर जाळीसारखे तपकिरी डाग पडू शकतात. त्यापेक्षा जमिनीवर बसा. भिंतीला पाठ टेकून, बुडाखाली तीन-चार इंचांची घट्ट गादी, म्हणजे गुडघे कमरेपेक्षा खाली राहतात आणि कंबर आपोआप सरळ होते. मांडीवर तो घडीचा छोटा स्टडी टेबल, त्यावर कीबोर्ड, आणि लॅपटॉप समोर एखाद्या स्टुलावर. मांडी घालून बसायची आपल्याला सवय असते म्हणून हे जमतं, पण वीस-पंचवीस मिनिटं झाली की उठायचंच, आणि ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी हे करू नये.

उठण्याचं म्हणजे खरं सांगायचं तर कितीही बरोबर बसलात तरी तीन तास न हलता बसणं वाईटच. मी पाण्याची मोठी बाटली जवळ ठेवत नाही, छोटा तांब्या ठेवते, तो संपला की उठून भरायला जायला लागतं. कॉल आला की उभी राहून घेते. किचनचा ओटा साधारण ३२ ते ३४ इंच असतो, त्यावर खोका ठेवून त्यावर लॅपटॉप ठेवला की मीटिंग उभ्याने ऐकता येते, फक्त पाण्यापासून लांब ठेवा.

डोळ्यांसाठी २०-२०-२० हा नियम बऱ्याच जणांनी ऐकलेला असतो, दर वीस मिनिटांनी वीस फुटांवर वीस सेकंद बघायचं. आता आपल्या घरात वीस फूट आहेत कुठे? खोली दहा बाय बारा. भिंतीवरचं कॅलेंडर बघून तो नियम पाळला असं होत नाही, खिडकीतून बाहेरच बघायला लागतं. मी समोरच्या बिल्डिंगवरची टाकी बघते, पाऊस नसेल तर तिच्या मागे पारसिकचा डोंगर दिसतो. म्हणून टेबल खिडकीच्या बाजूला ठेवा, म्हणजे खिडकी डाव्या किंवा उजव्या हाताला. खिडकी पाठीमागे असेल तर स्क्रीनवर चकाकते, समोर असेल तर उजेड डोळ्यांत जातो. जुलैत दिवसा पण अंधारून येतं तेव्हा खोलीतला लाईट लावा, अंधारात उजळ स्क्रीन बघत बसू नका. स्क्रीनकडे बघताना आपल्या पापण्या कमी मिटतात, त्यात एसीची किंवा टेबल फॅनची हवा थेट तोंडावर असेल तर डोळे चुरचुरणारच, पंख्याची दिशा बदला.

हे सगळं केल्यावर पहिले तीन-चार दिवस वेगळंच काहीतरी दुखतं, पाठीच्या मधले स्नायू खूप दिवसांनी कामाला लागतात म्हणून, त्याला घाबरू नका. पण अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येऊन रात्री जाग येत असेल तर मनगटातली नस दबत असू शकते, करंगळीला मुंग्या असतील तर बऱ्याचदा कोपराकडे बघायला लागतं. हातातून कप सुटणं, मानेतून हातापर्यंत कळ जाणं, हात अशक्त वाटणं, यातलं काहीही असेल तर उशी-चौरंग करत बसू नका, डॉक्टरकडे जा. मानेचा पट्टा स्वतःच्या मनाने आणून लावू नका. मी आणला होता, महिनाभर लावला, फिजिओने बघितल्या बघितल्या तो काढायला लावला.

राहता राहिली बॅग. लॅपटॉप दोन किलो, चार्जर, पाण्याची लिटरची बाटली, डबा, छत्री, म्हणजे पाच किलो सहज होतात. सकाळच्या ठाणे-वाशी लोकलमध्ये गर्दी असते म्हणून आपण बॅग पुढे घेतो, तेवढ्यापुरतं ठीक आहे, पण घणसोलीला उतरल्यावर परत पाठीवर घ्या, दोन्ही पट्टे लावून, आणि पट्टे आखडून बॅग कमरेच्या वर राहील अशी. एका खांद्यावर लटकवून चालायचं नाही. लॅपटॉपचा कप्पा पाठीला लागून असावा, जड वस्तू तिथेच, छत्री-डबा बाहेरच्या बाजूला. बाटली रिकामी न्यायची, ऑफिसला भरायची. आणि दुसरा चार्जर मागून घेऊन ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवून द्या, आमच्याकडे आयटीवाल्याला एकदा मेल टाकला आणि दोन दिवसांत मिळाला.